थांबलेले आंबे

दीपिका पोटावी माझी रूममेट आहे, जिवाची मैत्रीण आहे असं सगळं होस्टेल म्हणतं, आणि मला तिचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढं मी तिच्याबद्दल काही चांगलं बोलले, तर ते माझ्या किती जिवावर आलं असेल ते लक्षात येईल.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही, डिग्री अजून हातात पडायची आहे. एवढं पुरे की जंगलाच्या दोन्ही जिल्ह्यांतली पोरं इथं शिकायला येतात. कोणी जिवतीच्या डोंगरावरून, कोणी चंद्रपूर शहरातून, आणि दीपिकासारखी कोणी धानोऱ्याच्या पुढच्या, बस सोडल्यावरही जंगलातून चालावं लागतं अशा गावातून. तिच्या गावाचं नाव इरुकमेटा. मी मंजुषा भांडेकर, चामोर्शीची. घर रस्त्यावर, मोबाइलला भरपूर टॉवर, वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान. हेवा वाटायचाच तर तिला माझा वाटायला हवा. तिला तो कधी वाटला नाही, आणि याचाही मला राग येतो.

बरं, तिच्यात आहे तरी काय? ठेंगणी, केस तेल लावून चापून बसवलेले, आवाज इतका हळू की वर्गात हजेरी देताना सर दोनदा विचारतात. एम.ए.ला आम्ही दोघी समाजशास्त्राला, मार्क माझेच जास्त. वक्तृत्वाची ढाल माझ्या नावावर. ती रोज अंधार पडला की जांभया द्यायला लागते आणि पहाटे उठून, माझी झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता, दाराबाहेर पायरीवर बसून वाचते. असल्या चांगुलपणानं माणसाचं डोकं फिरतं.

तिच्याकडं माणसं येतात, हे माझं खरं दुखणं. इरुकमेट्याचा कोणीही कामाला या बाजूला आला की होस्टेलच्या फाटकावर उभा. कधी पोचूभाऊ, कधी झिंगूबाई, कधी ज्यांचं नाव दीपिकालाही पटकन आठवत नाही असे म्हातारे. हातात पिशवी. पिशवीत टेंभरं, चारं असली रानफळं, भाजलेले कंद, एकदा तर नुसताच ओल्या मातीचा वास असलेला मुळा. गावात टॉवर नाही, म्हणून आठवड्यातून एकदा कोणीतरी टेकडीवर चढून फोन लावतं आणि मागं उभ्या असलेल्या सगळ्यांचे निरोप एकापाठोपाठ एक सांगतं. दीपिका गोंडीत हसत बसते. मला एक अक्षर कळत नाही, पण मी पुस्तक मिटून ऐकत बसते.

माझी आई रोज फोन करते. कढईचा चरचराट, टीव्हीचा आवाज, "जेवली का? बरं, ठेवू?" संपलं. मागच्या सत्रात माझ्या भावाचं, गोपालचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा झाला, तेव्हा माझा पेपर होता. "पाहुण्याले दुसरी तारीख जमत नव्हती व," आई म्हणाली. व्हिडिओ कॉल लावून दिला होता, पण मोबाइल कोणीतरी खुर्चीवर उताणा ठेवला. भावाच्या साक्षगंधात मी मंडपाचा पंखा पाहिला.

तर चैत्र लागला. मेसच्या कमलाबाईंनी वरणात कैरी घालायला सुरुवात केली आणि ताटात किसलेल्या कैरीचा तक्कू वाढला. मला तक्कू म्हटलं की भान राहत नाही. दीपिकानं मात्र वरणाची वाटी बाजूला सारली आणि कोरडा भात खायला लागली.

"काऊन व दीपा?" कमलाबाईंनी विचारलं.

"आमचा पंडुम नाई झाला बाई. आंब्याचा पंडुम झाल्याबिगर आम्ही नवा आंबा तोंडात नाई घालत. कैरीबी नाई."

मग तिनं समजावून सांगितलं. पंडुम म्हणजे सण. गावाचा गायता, म्हणजे गावची पूजा करणारा माणूस, आधी देवाला आणि पूर्वजांना नवा आंबा देतो, मग सगळं गाव एकत्र खातं. कोणी तेलंगणात मिरची तोडायला गेलं असेल तर ते परत येईपर्यंत थांबतात. गायता म्हणजे तिच्या वडिलांचा थोरला भाऊ, तिचा मोठा बाबाच, सुकलू पोटावी.

दुसऱ्या दिवसापासून कमलाबाई कैरी घालायच्या आधी एका लहान गंजात दीपिकासाठी वेगळं वरण काढून ठेवायला लागल्या. मी दोन वर्षं त्यांना सांगतेय, वरणात तिखट कमी टाका. माझ्यासाठी कधी कोणी गंज काढला नाही. दीपिकापुढं ते वाफाळतं वरण आलं, बाकीच्या पोरी "कित्ती छान रीत आहे ना" करायला लागल्या, आणि माझं डोकं सणकलं.

"मलेही कैरी नको," मी म्हणाले.

कमलाबाईंनी पळी थांबवली. "तुले काऊन नको? तू तं चामोर्शीची."

"नको म्हणजे नको."

दीपिका माझ्याकडं बघतच राहिली. मग तिच्या तोंडावर असं काही हसू फुटलं की मला जागच्या जागी उठून जावंसं वाटलं. "तूबी पाळून राह्यली? माह्यासाठी?"

आता यावर काय सांगणार? मेसभर पोरी ऐकत होत्या. मी "हाव" म्हणाले, म्हणजे हो, आणि अडकले. चैत्रातलं आमच्याकडचं ऊन, होस्टेलच्या मागं कैऱ्यांनी लगडलेलं झाड, शेजारच्या खोलीत पन्ह्याचा जग, आणि मी तांब्याभर पाणी पिऊन बसलेली. माझी ही हालत माझ्या हेव्यानं केली होती आणि श्रेय जात होतं मैत्रीला. रविवारी टेकडीवरून फोन आला तेव्हा गोंडीच्या मध्ये मला माझं नाव ऐकू आलं. "तुयी गोष्ट सांगून राह्यली होती आईले," दीपिका म्हणाली. मी म्हटलं, कशाला सांगतेस उगाच. मनात म्हटलं, सांग, निदान तिथं तरी माझं नाव निघू दे.

परीक्षा एप्रिलच्या मध्यावर संपणार होती. ती पुढं ढकलली, महिनाअखेरीवर गेली. कारण तांत्रिक. हे तांत्रिक कारण आमच्या विद्यापीठातलं सगळ्यात जुना कर्मचारी आहे. कधी निवृत्त होत नाही, कधी रजेवर जात नाही. आम्हाला सवय झालेली. आम्ही कंटाळून झोपलो. पण दीपिका फोन घेऊन गच्चीवर गेली आणि बराच वेळ आली नाही.

"गाव थांबून राह्यलं," आल्यावर ती म्हणाली. "मिरचीवाले सारे वापस आले. आता फक्त माहं अडलं. झाडाखाली आंबे पडून राह्यले, पोट्टे नुसते पाहून राह्यले."

"मग करून टाका म्हणावं ना."

"मी हेच म्हटलं. थे म्हणते, थांबतो."

मी भिंतीकडं तोंड करून पडले. अख्खं गाव एका पोरीच्या पेपरासाठी तोंड बांधून बसलं होतं. लहान पोरं, म्हातारे, सगळे. माझ्यासाठी माझ्या सख्ख्या भावानं अंगठी घालायला दोन दिवस कळ काढली नव्हती.

त्याच आठवड्यात नवीन कुलगुरूंचा 'विद्यार्थी संवाद' ठरला. विद्यापीठात काय सुधारलं पाहिजे ते प्रत्येक होस्टेलच्या एका विद्यार्थ्यानं सभागृहात बोलायचं. मी याच दिवसाची वाट पाहत होते. बोलायला माझ्याकडं भरपूर होतं. आमचं ग्रंथालय दुपार कलली की बंद होतं, कारण कुलूप लावणाऱ्या काकांना शेवटची बस पकडायची असते. निकाल असा लागतो की पुढच्या सत्राचा अर्धा अभ्यास होईपर्यंत आपण पास की नापास ते कळत नाही. मुलींच्या होस्टेलपासून फाटकापर्यंत एक दिवा नाही. आरशासमोर मी हे सगळं बोलून पाहिलं होतं, कुठं थांबायचं तेही ठरवलं होतं.

होस्टेलच्या बैठकीत वॉर्डन बाईंनी विचारलं, कोणाला पाठवायचं? पोरी एका आवाजात म्हणाल्या, दीपिकाला.

दीपिकाला! जिची हजेरी ऐकू येत नाही तिला! मी ढाल जिंकलेली, आणि यांना हिला पाठवायचं होतं. का, तर जिवतीची रीता म्हणाली, "दीपिका म्हणते ना, विद्यापीठानं एक तारीख सांगावी अन् थे पाळावी, बस. आपल्या साऱ्याईचं तेच दुखणं आहे." रीताचा भाऊ अंकुश लग्नाची तारीख दोनदा बदलून बसला होता. कोणाची धानाची कामं, कोणाच्या घरची तेंदूपानाची मजुरी, सगळ्यांचं काही ना काही त्या सरकत्या तारखेला अडकलं होतं. दिव्याचं आणि ग्रंथालयाचं कोणी नावसुद्धा काढलं नाही.

आणि मग दीपिका उभी राहिली. "मले नाई जमत बोलाले. मंजुषा बोलते. तिच्यासारखं कोणीच नाई बोलत."

झालं. मला हवं होतं ते मिळालं, पण तिनं सोडलेलं म्हणून मिळालं. वॉर्डन बाईंनी माझं नाव पुढं केलं. मी तिला साधं थँक्यूही म्हटलं नाही. ती मात्र रात्रीचं जेवण होईपर्यंत माझ्यापेक्षा जास्त खुश होती.

संवादाच्या दिवशी सकाळी दोन गोष्टी घडल्या. फलकावर नोटीस लागली की परीक्षा अजून पुढं जाण्याची शक्यता आहे, मे महिन्याच्या मध्यावर. आणि आईचा फोन आला.

"गुळांबा केला व यंदा लवकर. मस्त झाला."

"माझ्यासाठी ठेवला?"

"बरणी गोपालच्या सासुरवाडीले पाठवली. तू येशीन तवा करू ना पुन्हा, आंब्याले काय तोटा आहे?"

मी कैरीच खात नव्हते, त्यामुळं गुळांबाही मला चालणार नव्हता, ते वेगळं. प्रश्न गुळांब्याचा नव्हता. खोलीत आले तर दीपिका नोटीस वाचून पलंगावर बसलेली. रडत नव्हती. नुसती म्हणाली, "आता तेंदूपानं घेणारी फळी लागते. साऱ्याईले पानाले जा लागते. आता मी गावात असतानी नाई होत पंडुम." मग उशी सारखी करत, "अन् थे थांबलेच तं अजूनच वाईट."

सभागृह भरलेलं. मंचावर भाड्यानं आणलेल्या कुंड्या. माझ्या आधी बोलणाऱ्या मुलांनी इतका वेळ खाल्ला की माझी पाळी आली तेव्हा कुलगुरू घड्याळ बघत म्हणाले, "आता प्रत्येकानं एकच मुद्दा मांडा. सगळ्यात महत्त्वाचा."

मी माइकपाशी उभी राहिले. माझं ग्रंथालय तोंडात तयार होतं. पण डोळ्यांसमोर आलं ते इरुकमेटा. मी न पाहिलेलं गाव, झाडाखाली पडलेले आंबे, आणि त्यांना हात न लावता बसलेली माणसं. अजून पंधरा दिवस ती माणसं दीपिकाची वाट बघणार, आणि अजून पंधरा दिवस मी त्या खोलीत बसून ते बघणार. ते माझ्याच्यानं होणार नव्हतं. तिची वाट बघणं एकदाचं संपवा, एवढंच माझ्या मनात होतं. लोकांनी नंतर याला मोठेपणा म्हटलं, म्हणोत.

"सर, धानोऱ्याच्या पुढं एका गावानं अजून आंबा खाल्ला नाही," मी म्हणाले.

सभागृहात हशा पिकला. मागून कोणीतरी "आंबा पाठवा" असं ओरडलं. मी तापले.

"हसायला काय झालं? ते गाव आपल्या परीक्षेमुळं उपाशी तोंडानं आंब्याखाली बसलंय. गावची पोरगी इथं शिकते. ती आल्याशिवाय त्यांचा सण होत नाही, आणि ती कधी येणार ते तुम्हाला माहीत नाही, कारण परीक्षा कधी आहे तेच तुम्हाला माहीत नाही. तिच्या गावाला रस्ता नाही, टॉवर नाही, पण मिरचीला गेलेला माणूस कधी परत येणार ते त्यांना कळतं. आमची परीक्षा कधी ते कोणालाच कळत नाही. कोणाच्या घरी लग्न सरकतं, कोणाचं आमच्यावाचून होऊन जातं. तुम्ही तारीख हलवता, सर, तेव्हा नुसता पेपर हलत नाही."

शेवटी माझा आवाज फाटला. आरशासमोर ठरवलेल्या जागी मी थांबले नाही, कुठंतरी मध्येच थांबले. आता कोणी हसत नव्हतं. कुलगुरूंनी परीक्षेच्या साहेबांकडं वळून काहीतरी विचारलं. साहेबांनी तांत्रिक हा शब्द उच्चारला. कुलगुरू म्हणाले, "कोणतं तांत्रिक, ते सांगा." साहेब फायलीची पानं उलटायला लागले. संध्याकाळी फलकावरची नोटीस निघाली आणि परीक्षा महिनाअखेरीलाच होईल, बदलणार नाही, असं लागलं. बाकी ग्रंथालय अजून दुपार कलताच बंद होतं आणि फाटकाच्या वाटेवर अजूनही अंधारच आहे.

शेवटचा पेपर झाला आणि दीपिकानं माझी पिशवीही भरायला घेतली. "चाल गावाले."

"मी कशाला? तुमचा सण आहे."

"तू नाई आली तं कसं होईन?"

मी घरी फोन केला. आई म्हणाली, "दोन दिवसानं ये ना. आम्ही सारे गोपालच्या लग्नाचे कपडे घ्याले नागपूरले जाऊन राह्यलो." मग मी निघाले. सण बघायला नाही, माझ्याकडं नसलेलं ते नेमकं काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघून घ्यायला.

बस सोडल्यावर वळणावर पोचूभाऊ उभे होते. त्यांनी दोन्ही पिशव्या उचलल्या. गावाच्या अलीकडंच पोरं दिसली, आम्हाला बघून उलट पळत सुटली, ओरडत. दीपिकाची आई मंगलीबाई अंगणाच्या कडेला पाण्याचा गुंड घेऊन उभी. तिनं आधी दीपिकाच्या पायांवर पाणी घालावं की नाही? तिनं आधी माझ्या पायांवर घातलं. मला वाटलं, पाहुणी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या मोठ्या झाडाखाली सगळे जमले. सुकलूबाबा किडकिडीत, खांद्यावर पंचा. त्यांनी बराच वेळ हळू आवाजात काहीतरी म्हटलं, आंबा चिरला, देवापुढं ठेवला. बाया, बाप्ये, मांडीवरची लेकरं, कोणी हललं नाही. मग त्यांनी पळसाच्या पानावर एक फोड घेतली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी दीपिकाकडं बघितलं. तीही बघतच होती.

"मलेच आधी?" मी मंगलीबाईंना विचारलं. "इतके दिवस तुम्ही दीपिकासाठी थांबलात, तिला द्या ना."

मंगलीबाईंचं मराठी तुटक होतं, पण त्या एकेक शब्द नीट लावून बोलल्या. "दीपिकासाठी नाई. तारीख पुढं गेली तवा गाव बसलं. सारे म्हणे, दीपिका आपली आहे, तिले समजते, तिच्या वाटणीचा ठेवू अन् करून टाकू पंडुम. मग म्या म्हटलं, तिच्यासंगची पोरगी आहे. तिले आपलं काई लागत नाई, तरी ते आपल्यासाठी तोंड बांधून बसली. तिच्या आधी आपण कसं खाचं? मग सारे थांबले."

सुकलूबाबांनी पान अजून पुढं केलं. सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी फोड घेतली आणि खाल्ली. मग एकदम गलका झाला, पोरं तुटून पडली, कोणीतरी माझ्या हातात आणखी एक आंबा कोंबला.

दीपिका माझ्या शेजारी बसली होती. तिनं आपली फोड उचलली, पण तोंडात घातली नाही. "माह्यासाठी तं नसते थांबले," ती म्हणाली आणि हसली. ते हसू ओठांपाशीच संपलं. दुसऱ्या कोणाला त्यात काही दिसलं नसतं. मला लगेच कळलं. दोन वर्षं मी तिच्याकडं बघून तसंच हसत आले होते.